मोबाईलमधली ग्राफिक्स चिप: धोका कुठे आहे आणि आपण काय तपासावं

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या शाळेत पालकांची ये-जा वाढते. आधार कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि मोबाईल, एवढं सगळं पिशवीत घेऊन लोक येतात. ओटीपी मोबाईलवरच येतो, म्हणून तो लागतोच. मागे एका विद्यार्थिनीचे अब्बा आले होते. त्यांच्या मोबाईलवर बँकेचं ॲप काही केल्या उघडेना. या फोनवर ॲप चालणार नाही, अशा अर्थाचा मेसेज येत होता. आम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं, तर सिक्युरिटी अपडेटची तारीख मार्च २०२२ ची होती.

ते म्हणाले, "सर, फोन तो नयाच है!"

त्यांच्या हिशेबाने खरंच नवा होता. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेला, काच स्वच्छ, कव्हर कोरं. पण त्या फोनची शेवटची आतली दुरुस्ती २०२२ साली झाली होती. त्यानंतर जगात त्या फोनच्या भागांमध्ये जे दोष सापडले, ते सगळे त्या फोनमध्ये तसेच राहिले. व्हायरस, ओटीपी, खोटे कॉल यांबद्दल आपण सगळे ऐकतो. ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, असा एक भाग म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. या लेखात त्याची माहिती देत आहोत. तांत्रिक विषय आहे, पण आपल्या पैशाशी आणि घरच्या फोटोंशी त्याचा थेट संबंध आहे.

ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे काय?

फोन असो की कॉम्प्युटर, त्यात हिशेब करणारा मुख्य प्रोसेसर असतो, त्याला सीपीयू म्हणतात. त्याच्या जोडीला दुसरा असतो ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू. स्क्रीनवर जे काही दिसतं ते बहुतेक सगळं हा जीपीयू रंगवतो. आमच्या अजिंठ्याच्या लेण्यांत एकेका भिंतीवर चित्रकारांनी किती दिवस घालवले असतील, कोण जाणे. हा चित्रकार मात्र तुमची स्क्रीन सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने रंगवू शकतो. स्क्रीन लाखो बारीक ठिपक्यांची बनलेली असते. ते ठिपके एक-एक करून न रंगवता हजारो ठिपक्यांचं काम एकाच वेळी करणं, ही जीपीयूची खासियत.

पूर्वी वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेम खेळणाऱ्यांची चैन समजली जायची. आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये जीपीयू असतोच, तोही मुख्य चिपच्या पोटातच. आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रामुख्याने तीन घराणी दिसतात. स्नॅपड्रॅगन चिप असेल तर क्वालकॉम कंपनीचा ॲड्रेनो. मीडियाटेकची चिप असेल तर बहुधा आर्म कंपनीचा माली, किंवा इमॅजिनेशन कंपनीचा पॉवरव्हीआर. उदाहरणार्थ, स्वस्त फोनमध्ये भरपूर वापरल्या गेलेल्या हेलिओ जी ३५ चिपमध्ये पॉवरव्हीआर आहे आणि हेलिओ जी ८५ मध्ये माली. कॉम्प्युटरमध्ये इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया ही नावं येतात. ॲपल आपल्या फोनसाठी स्वतःचा जीपीयू बनवतं.

आता लक्षात घ्या. बँकेचं बॅलन्स, ओटीपी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, घरातल्या बायका-मुलींचे फोटो, हे सगळं स्क्रीनवर येतं ते या चिपच्या हातून. म्हणजे आपली अमानत रोज तिच्या हातात असते.

प्रत्येक ॲपला उघडं असलेलं दार

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतःच्या खोलीत कोंडलेलं असतं. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या खोलीत जाता येत नाही. टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपमधला डेटा वाचता येत नाही, तो यामुळेच. कॅमेरा, माइक, लोकेशन हवं असेल तर ॲपला आपली परवानगी मागावी लागते.

पण स्क्रीनवर रंगवून घ्यायची परवानगी कोणालाच मागावी लागत नाही. रंगवल्याशिवाय ॲप दिसणारच कसं? म्हणून जीपीयूपर्यंत जाणारं दार जवळपास प्रत्येक ॲपला उघडं ठेवावं लागतं. या दारावर जो सॉफ्टवेअरचा भाग काम करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरचा महत्त्वाचा हिस्सा फोनच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. कर्नलला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये चूक असेल, तर साध्या दिसणाऱ्या ॲपला त्या चुकीतून गाभ्यात शिरता येतं आणि मग सगळ्या खोल्या उघडतात.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक समजायला सोपी आहे. लॉजमध्ये एक पाहुणा खोली सोडून गेला, पण त्याने किल्ली परत केली नाही. मॅनेजरने ती खोली दुसऱ्याला दिली. आता पहिल्याजवळच्या किल्लीने दुसऱ्याची खोली उघडते. मेमरीचंही तसंच होतं. ड्रायव्हरने मेमरीचा एक तुकडा मोकळा केला, पण आधीच्या ॲपचा त्यावरचा ताबा काढायला विसरला. मग तिथे फोनची महत्त्वाची माहिती आली की आधीच्या ॲपला ती वाचता येते, बदलताही येते.

हे पुस्तकातलं उदाहरण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्म कंपनीने मालीच्या ड्रायव्हरमधला नेमका असाच दोष जाहीर केला. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-४२११. काही निवडक लोकांविरुद्ध त्याचा वापर झाल्याच्या खुणा आहेत, असंही कंपनीने सांगितलं. जून २०२४ मध्ये मालीचाच आणखी एक दोष अशाच प्रकारे वापरला गेल्याचं आर्मने कळवलं. जून २०२५ मध्ये क्वालकॉमने ॲड्रेनोशी संबंधित तीन दोष जाहीर केले. तेही निवडक हल्ल्यांत वापरले गेल्याची चिन्हं गुगलच्या तपास पथकाला दिसली होती. २०२१ पासून अँड्रॉइडच्या कर्नल ड्रायव्हरवर जे हल्ले झाले, त्यातले बहुसंख्य जीपीयूच्या ड्रायव्हरवर होते, असं खुद्द गुगलने म्हटलं आहे.

"निवडक" हा शब्द ध्यानात ठेवावा. असे हल्ले महाग असतात आणि ते सहसा पत्रकार, कार्यकर्ते, अधिकारी अशा लोकांवर होतात. पण दोष एकदा जाहीर झाला की त्याची माहिती सगळ्यांना मिळते. मग ज्या फोनमध्ये दुरुस्ती पोहोचलेली नाही, ते फोन कमी कसबाच्या चोरांसाठीही सोपे होत जातात.

न पुसलेला फळा

दुसऱ्या प्रकारचा दोष आम्हा शिक्षकांना लगेच कळेल. एक तास संपला, सर फळा न पुसता निघून गेले. पुढच्या तासाच्या मुलांना आधीच्या वर्गात काय शिकवलं ते दिसतं.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की काही जीपीयू आपली आतली कामचलाऊ मेमरी एका ॲपचं काम झाल्यावर पुसत नाहीत. दुसरं ॲप येऊन तिथे उरलेलं वाचू शकतं. या दोषाला त्यांनी 'लेफ्टओव्हर लोकल्स' असं नाव दिलं. ॲपल, क्वालकॉम, एएमडी आणि इमॅजिनेशन यांच्या काही जीपीयूंमध्ये तो आढळला. एनव्हिडिया, इंटेल आणि आर्मच्या चिपांमध्ये तो नव्हता. संशोधकांनी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एआय चॅटबॉटला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बाजूच्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून जवळपास जशीच्या तशी वाचून दाखवली.

याचं महत्त्व पुढे वाढणार आहे. आजवर जीपीयूकडे चित्रं होती. आता एआयचं कामही त्याच्याकडेच जातं. मुलं आजाराबद्दल, घरच्या अडचणींबद्दल, अभ्यासाबद्दल एआयला विचारतात. ते काम फोनमध्येच झालं तर ते या फळ्यावर लिहिलं जातं.

घडी घालायला लागणारा वेळ

तिसरा प्रकार जरा नवलाचा आहे. यात कोणी कुलूप तोडत नाही, नुसता वेळ मोजतो.

शेजारच्या खोलीत कोणी कपड्यांच्या घड्या घालतंय असं समजा. साधी पांढरी चादर असेल तर घडी पटकन होते. जरीचा शरारा असेल तर वेळ लागतो. भिंतीच्या अलीकडे बसून, न पाहताही, नुसत्या वेळेवरून आपण ओळखू शकतो की आता चादर होती की शरारा. जीपीयूही जागा वाचवण्यासाठी चित्राची घडी घालतो. एकाच रंगाचा भाग लवकर घडीत बसतो, गुंतागुंतीच्या भागाला वेळ लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी या वेळेच्या फरकावरून दुसऱ्या वेबसाइटवरची अक्षरं ठिपक्या-ठिपक्याने ओळखून दाखवली. त्यांनी त्याला 'जीपीयू डॉट झिप' म्हटलं. एएमडी, ॲपल, आर्म, इंटेल, एनव्हिडिया आणि क्वालकॉम या सहाही कंपन्यांच्या चिपांवर ही युक्ती लागू पडली. मात्र ती सावकाश चालायची. एका एएमडी चिपच्या कॉम्प्युटरवर क्रोम ब्राउझरमधून विकिपीडियाचं एक युजरनेम ओळखायला साधारण अर्धा तास लागला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच युक्ती अँड्रॉइड फोनवर आली, 'पिक्सनॅपिंग' या नावाने. फोनमध्ये एक कपटी ॲप असतं, त्याने एकही परवानगी मागितलेली नसते. ते दुसरं ॲप उघडायला लावतं, त्यावर पारदर्शक थर अंथरतं आणि एकेक ठिपका रंगवायला किती वेळ लागतो ते मोजतं. गुगलच्या पिक्सेल फोनवर संशोधकांनी ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा अंकी कोड ३० सेकंदांच्या आत वाचून दाखवला. तो कोड साधारण ३० सेकंदच टिकतो, म्हणजे चोराला पुरेसा वेळ मिळाला. गुगलने सप्टेंबर २०२५ च्या अपडेटमध्ये पहिली दुरुस्ती दिली. संशोधकांनी तिलाही वळसा घालून दाखवला, तेव्हा गुगलने पुढची दुरुस्ती देण्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात कोणावर असा हल्ला झाल्याचा पुरावा मिळालेला नाही, असं गुगलने सांगितलं. जे स्क्रीनवर येतच नाही, ते या युक्तीने चोरता येत नाही, हेही इथे सांगायला हवं.

याच जातीची आणखी एक गोष्ट २०२२ मध्ये पुढे आली. एकाच मॉडेलचे दोन जीपीयूसुद्धा वेगात किंचित वेगळे असतात. ब्राउझरमधून त्यांना थोडं काम देऊन तो फरक मोजला, तर वेबसाइटला एक कॉम्प्युटर दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. कुकी पुसल्या तरी ही ओळख पुसली जात नाही. यात पैसे जात नाहीत, पण कोण कुठे काय वाचतो याची पाळत ठेवता येते.

शाळेची लॅब आणि मोठे कॉम्प्युटर

शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा ग्राहक सेवा केंद्रात जे कॉम्प्युटर असतात, त्यांनाही हे लागू आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिथे एकाच मशीनवर दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे आधार आणि पासबुक स्कॅन होतात. ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या चुकांची दुरुस्ती एनव्हिडिया, एएमडी, इंटेल या कंपन्या वेळोवेळी देतात. पण ती घेतली तर ना! उलट 'फ्री ड्रायव्हर अपडेट' म्हणून इंटरनेटवर जे मिळतं, त्यातून कधीकधी व्हायरसच घरात येतो. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यावा.

मोठ्या कॉम्प्युटर केंद्रांतही जीपीयू आहेत. आपल्या पुण्याच्या सी-डॅकमधला २०२० चा 'परम सिद्धी-एआय' एनव्हिडियाच्या जीपीयूंवर चालतो. जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी एनव्हिडियाच्या एका व्यावसायिक कार्डाच्या मेमरीवर वारंवार आघात करून तिथला एक बिट, म्हणजे शून्याचा एक, पालटून दाखवला. तेवढ्याने एका एआय मॉडेलची अचूकता ८० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आली. मेमरीतली चूक पकडणारी सोय चालू ठेवा, असा सल्ला एनव्हिडियाने दिला. हा धोका आपल्या खिशातल्या फोनचा नाही, पण दवाखाने आणि बँका एआयवर विसंबू लागतील तेव्हा तो आपल्यापर्यंत येईल.

दुरुस्ती होते, पोहोचत नाही

इथवर वाचून कोणाला वाटेल की चिपा बनवणारे झोपले आहेत. तसं नाही. दोष सापडतात आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होतात. अडतं ते पुढे.

२०२२ च्या जून-जुलैमध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या पथकाने मालीच्या ड्रायव्हरमधले पाच दोष आर्मला कळवले. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्त्या तयार केल्या. नोव्हेंबरमध्ये त्या पथकाने फोन तपासले, तर एकाही फोनमध्ये ती दुरुस्ती आलेली नव्हती. त्यात गुगलचे स्वतःचे पिक्सेल फोनही होते. क्वालकॉमच्या २०२५ मधल्या दोषांचंही तसंच. कंपनीने मे महिन्यात दुरुस्ती फोन कंपन्यांना दिली, आणि त्यातल्या दोन दोषांची नावं अँड्रॉइडच्या मासिक यादीत ऑगस्टमध्ये आली.

असं का होतं? कारण साखळी लांब आहे. चिपचा आराखडा करणारी कंपनी, ती चिप आपल्या प्रोसेसरमध्ये बसवणारी कंपनी, फोन बनवणारी कंपनी आणि शेवटी आपण. प्रत्येक कडीला वेळ लागतो. महाग फोनसाठी कंपनी घाई करते. स्वस्त मॉडेल दोन-तीन वर्षांनी कंपनीच्या यादीतूनच निघून जातं, आणि मग साखळी तिथेच तुटते. प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट केले की फोन सुरक्षित झाला, असं बरेच जण समजतात. पण कर्नलमधला ड्रायव्हर प्ले स्टोअरवरून दुरुस्त होत नाही. त्याला फोन कंपनीचं सिस्टिम अपडेटच लागतं.

म्हणजे चिप सगळ्यांची सदोष, आणि दुरुस्ती मात्र ज्याने जास्त पैसे दिले त्याला आधी. ज्याच्या खात्यात पाच हजार रुपये आहेत आणि ते गेले तर महिन्याचा किराणा अडतो, त्याच्याच हातात जुना फोन असतो. आम्हाला या विषयावर लिहावंसं वाटलं, ते यामुळे.

हिंगोलीचं उदाहरण

आता प्रमाणाचं बोलू. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिका म्हणून जे होतं ती प्रत्यक्षात एपीके फाइल, म्हणजे ॲप होतं. ते उघडल्यावर त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. बातम्यांत जे आलं, त्यात चिपच्या दोषाचा उल्लेख नव्हता. एवढ्याशा फसवणुकीनेच काम झालं.

मग जीपीयूची फिकीर कशाला? कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. वर सांगितलेल्या फोनवरच्या बहुतेक हल्ल्यांना आधी एक कपटी ॲप फोनमध्ये शिरावं लागतं. पत्रिका, गेम, कर्जाचं ॲप, विजेच्या बिलाचं ॲप, काहीही. अपडेट असलेल्या फोनमध्ये असं ॲप आलं तरी त्याला परवानग्या मागाव्या लागतात आणि सावध माणूस तिथे थांबू शकतो. जुन्या ड्रायव्हरच्या फोनमध्ये त्याला परवानगी मागायचीही गरज उरत नाही. घरात चोर शिरणं ही एक गोष्ट, आणि शिरलेल्या चोराला कपाट उघडं सापडणं ही दुसरी.

घरी बसून काय तपासाल?

१. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा. तिथे 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख दिसेल. ती एक वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार करू नयेत.

२. तारखेचा दिवसही पाहा. अँड्रॉइडच्या यादीत १ तारखेचा पॅच म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ भागाची दुरुस्ती. ५ तारखेच्या पॅचमध्ये कर्नल आणि आर्म, क्वालकॉम, इमॅजिनेशन, मीडियाटेक यांच्या भागांची दुरुस्तीही येते. सॅमसंग स्वतःची वेगळी यादी काढते, तिथे १ तारीख दिसली तरी घाबरायचं कारण नाही.

३. 'सिस्टिम अपडेट' आलं असेल तर ते पुढे ढकलू नका. डेटा जास्त लागतो म्हणून लोक टाळतात. महिन्यातून एकदा तेवढा डेटा द्यावा.

४. घरात एकापेक्षा जास्त फोन असतील, तर कामं वाटून घ्या. बँकेला जोडलेलं सिम आणि यूपीआय त्या फोनमध्ये ठेवा, ज्याला अपडेट येतात. जुना फोन मुलांच्या अभ्यासाला, व्हिडिओला ठेवा. नवा फोन न घेताही करता येण्यासारखा हा सगळ्यात मोठा उपाय आहे.

५. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, मग ती काका-मामाच्या नंबरवरून आलेली असो. त्यांचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. 'अननोन ॲप्स'ची परवानगी बंद ठेवा.

६. मुलांना गेमची 'मॉड' आवृत्ती बाहेरून टाकू देऊ नका. गेम जीपीयूवर भरपूर काम टाकतो, त्यामुळे त्यातलं कपटी काम लक्षातही येत नाही.

७. कॉम्प्युटरवर ब्राउझर अपडेट ठेवा. बँकेचं काम करताना बाकीच्या खिडक्या बंद करा, आणि काम झालं की लॉग-आउट करा.

८. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळही घालवू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अँड्रॉइडच्या दोषांबद्दल इशारे काढते. त्यांत या चिप कंपन्यांच्या भागांचा उल्लेख असतो.

फोन घेताना काय विचाराल?

दुकानात आपण कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, बॅटरी किती, हे विचारतो. आणखी दोन प्रश्न विचारा. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? आणि ती वर्षं कधीपासून मोजायची? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मोजणी सहसा ते मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून होते, आपण विकत घेतल्या दिवसापासून नाही. चार वर्षं अपडेट देणारा फोन बाजारात येऊन तीन वर्षं झाल्यावर सेकंडहँड घेतला, तर आपल्या वाट्याला एकच वर्ष येतं. मग तो स्वस्त पडला की महाग, याचा हिशेब घरीच करावा.

गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून ७ वर्षांचं वचन दिलं आहे. ते फोन महाग आहेत. पण सॅमसंगने गॅलेक्सी ए १६ सारख्या कमी किमतीच्या फोनलाही ६ वर्षांचं सांगितलं आहे, म्हणजे मनात आणलं तर कंपन्यांना जमतं. युरोपमध्ये जून २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं अपडेट द्यावं लागतं. आपल्याकडे फोनच्या डब्यावर किंमत, बनवल्याचा महिना छापलेला असतो. अपडेट कधी संपणार ती तारीखही तिथे छापली जावी, अशी मागणी ग्राहक म्हणून आपण करायला काय हरकत आहे?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोन गरम होतो, म्हणजे तो हॅक झाला का? तसं नसतं. गेम, व्हिडिओ कॉल, ऊन, जुनी बॅटरी यांनीही फोन गरम होतो. काहीही चालू नसताना रोज गरम होत असेल, तर अलीकडे टाकलेली ॲप तपासून नको ती काढून टाका.

अँटिव्हायरस टाकला तर जीपीयूचा दोष जाईल का? जाणार नाही. अँटिव्हायरस कपटी ॲप ओळखायला मदत करतो. ड्रायव्हर दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही.

आयफोन असेल तर चिंता नाही ना? ॲपल चिप आणि सॉफ्टवेअर दोन्ही स्वतः बनवतं, त्यामुळे अपडेट लवकर येतं. पण न पुसलेल्या फळ्याचा दोष आयफोनमध्येही सापडला होता, आणि जुन्या आयफोनचे अपडेटही एक दिवस थांबतात.

फॅक्टरी रिसेट केल्याने जुना फोन सुरक्षित होतो का? आतलं कपटी ॲप सहसा निघून जातं, पण ड्रायव्हर जुनाच राहतो. फोन विकताना किंवा एक्सचेंजला देताना मात्र रिसेट जरूर करावा.

त्या दिवशी आम्ही त्या पालकांना नवा फोन घ्या असं सांगितलं नाही, सांगणं बरोबरही नव्हतं. त्यांच्या मोठ्या मुलाचा फोन पाहिला, तर त्याची तारीख त्याच महिन्याची होती. बँकेचं सिम त्यात टाकलं, ॲप उघडलं, फॉर्म भरला गेला. जुना फोन मुलीकडे अभ्यासाला राहिला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने स्वतःहून विचारलं, "सर, मैत्रिणींच्या घरच्या फोनची तारीख पण लिहून आणू का?" आम्ही हो म्हणालो. वाचकांनीही आज घरातले सगळे फोन हातात घेऊन ती तारीख एका कागदावर लिहावी. आधी अम्मीचा फोन बघा, कारण घरातला सगळ्यात जुना फोन बहुधा त्यांच्याकडेच असतो.